सातपुड्याच्या पुरात विरघळलेले जंगल

सागाचे कोवळे पान तळहातावर चोळले की हात लाल होतो. खैराचा गाभा उकळला की कात निघतो. हिरड्याची फळे, धावड्याची पाने, बाभळीची साल यांनी पिढ्यान्‌पिढ्या कातडी कमावली गेली. झाडात पाण्यात उतरण्याजोगे पुष्कळ काही असते, हे जंगलाच्या शेजाराने राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. हे पुस्तक त्याच गोष्टीविषयी आहे, पण एका झाडाच्या नव्हे, सबंध डोंगराच्या हिशेबाने. नंदुरबार जिल्ह्यातल्या सातपुड्याच्या उतारांवर वर्षभर साठलेला पालापाचोळा, साली, मुळ्या, शेण, राख आणि कुजून माती झालेला थर यांतून पावसाचे पाणी काय काढून नेते, कधी नेते आणि कुठे नेऊन पोचवते, असे तीन प्रश्न यात आहेत. त्यांतला ‘कधी’ मला सर्वांत मोलाचा वाटतो. जंगलाचा हा विरघळलेला ऐवज वर्षभर थोडाथोडा वाहत नाही. पावसाच्या मोजक्या वादळी दिवसांत, पुष्कळदा मोजक्या तासांत, त्याचा मोठा भाग निघून जातो. आणि नेमक्या त्या तासांत ओहोळाच्या काठी बाटली घेऊन उभे राहणारे कोणी नसते.

पुराचे पाणी गढूळ असते, ते मातीमुळे. हंडा भरून ठेवला की माती खाली बसते, तुरटी फिरवली तर लवकर बसते. पण वरचे पाणी नितळ झाल्यावरही पांढऱ्या कागदासमोर धरले तर त्यात पिवळसर, कधी तपकिरी झाक राहते. ही झाक म्हणजे विरघळलेले सेंद्रिय द्रव्य. शास्त्रज्ञांनी त्यासाठी सोयीची एक रेषा आखली आहे: ०.४५ मायक्रोमीटर छिद्रांच्या गाळणीतून जे पार होते ते विरघळलेले मानायचे. त्यात साखरा असतात, अमिनो आम्ले असतात, टॅनिन असते आणि पाला कुजताना तयार होणारी ह्यूमिक व फल्विक आम्ले असतात. हजारो वेगवेगळे रेणू एकत्र असल्यामुळे प्रत्येकाचे नाव घेत बसणे अशक्य. म्हणून त्यांतला कार्बन मोजतात, कारण या द्रव्याच्या वजनात सुमारे निम्मा वाटा कार्बनचाच असतो. जगातल्या नद्यांच्या पाण्यात सरासरीने लिटरमागे पाचेक मिलिग्रॅम असा कार्बन सापडतो. ॲमेझॉनला मिळणाऱ्या रिओ नेग्रो या काळ्या पाण्याच्या नदीत तो साधारण दुप्पट असतो. आकडा लहान दिसतो, पण जगभरातल्या नद्या मिळून दरवर्षी सुमारे २५ कोटी टन विरघळलेला सेंद्रिय कार्बन समुद्राला देतात.

जंगलातल्या ओहोळाला हे द्रव्य का हवे असते, याचे उत्तर १९७३ साली स्पष्ट झाले. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात हबर्ड ब्रुक नावाचे जंगल आहे. तिथल्या बेअर ब्रुक या लहानशा ओहोळाचा वर्षभराचा ऊर्जेचा जमाखर्च स्टुअर्ट फिशर आणि जीन लायकन्स यांनी मांडला. ओहोळातल्या जिवांना मिळणारी नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक ऊर्जा भोवतालच्या जंगलातून आलेली होती. पाण्यात उगवलेल्या वनस्पतींचा वाटा नगण्य होता. झाडांच्या दाट सावलीत शेवाळ फारसे वाढत नाही. ओहोळ जगतो तो वरून पडलेल्या पानावर आणि पानातून उतरलेल्या रसावर. तो रस जिवाणू खातात, जिवाणूंना सूक्ष्म प्राणी खातात, त्यांना पाण्यातले किडे आणि किड्यांना मासे व खेकडे. सातपुड्यातल्या धडगाव-मोलगीकडे आजही ओहोळातून मासे आणि खेकडे धरून आणले जातात. त्या कालवणाची सुरुवात उतारावरच्या पाल्यात झालेली असते.

पाऊस नसताना ओहोळात जे पाणी वाहते ते डोंगराच्या पोटातून आलेले असते. सातपुड्याचा हा भाग बेसॉल्टचा. लाव्हाच्या थरांमधल्या भेगांतून, मुरमाच्या पट्ट्यांतून पाणी सावकाश झिरपते. नंदुरबार-धुळे परिसरात या थरांना छेदून गेलेल्या काळ्या दगडाच्या उभ्या भिंती, ज्यांना भूशास्त्रात डाइक म्हणतात, शेकड्यांनी आहेत, आणि हा डाइकसमूह भूशास्त्रज्ञांमध्ये चांगलाच परिचित आहे. जमिनीखालचे पाणी कुठे अडेल आणि कुठे झरा होऊन वर येईल, हे पुष्कळदा या भिंती ठरवतात. या खोल वाटेने जाणाऱ्या पाण्यातही सुरुवातीला पाल्याचा अंश असतो. पण बेसॉल्ट झिजून बनलेल्या मातीतले चिकणकण आणि लोहाची ऑक्साइडे तो अंश स्वतःला चिकटवून घेतात. त्या बदल्यात दगडातले कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिका पाण्यात येतात. म्हणून हिवाळ्यातले झऱ्याचे पाणी क्षारांनी जड पण सेंद्रिय द्रव्याने हलके असते.

जोराचा पाऊस हा सगळा क्रम उलटवतो. पावसाचा थेंब आधी पानांवर पडतो आणि त्यांच्यावरची धूळ, किड्यांची विष्ठा, पानातून पाझरलेल्या साखरा धुऊन घेतो. खोडावरून ओघळणारे पाणी तर सालीतले टॅनिन घेऊन मुळाशी उतरते. मग ते पाल्याच्या थरात शिरते. ताजे पडलेले पान पाण्यात बुडाले तर काही जातींमध्ये पहिल्या चोवीस तासांतच त्याच्या कोरड्या वजनाच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत भाग विरघळून निघतो. पाऊस असाच चालू राहिला आणि खालची जमीन भरली की पाण्याला खोल उतरायला जागा उरत नाही. ते मातीच्या वरच्या वीतभर थरातूनच उताराने आडवे धावते, आणि सेंद्रिय अंश सर्वांत जास्त असतो तो याच थरात. चिकणकणांना तो धरून ठेवायला वेळच मिळत नाही. याचा परिणाम ओहोळात लगेच दिसतो. क्षारांचे प्रमाण घटते, सेंद्रिय द्रव्याचे वाढते. एकाच पुरात एक गोष्ट पातळ होते आणि दुसरी दाट. पाणी कोणत्या वाटेने आले हे ओळखायची याहून चांगली खूण मला माहीत नाही.

आता हिशेब पाहू. समजा, एका ओहोळातून हिवाळ्यात सेकंदाला १० लिटर पाणी वाहते आणि त्यात लिटरमागे २ मिलिग्रॅम सेंद्रिय कार्बन आहे. दिवसभरात पावणेदोन किलोच्या आसपास कार्बन खाली जाईल. पावसाळ्यात त्याच ओहोळाला पूर आला, प्रवाह सेकंदाला ५,००० लिटर झाला आणि कार्बन ८ मिलिग्रॅमवर गेला, तर एका तासात १४४ किलो जाईल. म्हणजे हिवाळ्यातल्या सुमारे ८३ दिवसांचे काम पुराच्या एका तासात झाले. कार्बनचे प्रमाण चौपटच वाढले होते, पाणी मात्र पाचशेपट. हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण प्रत्यक्ष मोजणीही याच दिशेने बोट दाखवते. पीटर रेमंड आणि जेम्स सेयर्स यांनी अमेरिकेतल्या लहान जंगली पाणलोटांच्या नोंदी एकत्र करून २०१० साली दाखवून दिले की वर्षभरात जाणाऱ्या विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनपैकी ८६ टक्के पाऊस आणि बर्फवितळीच्या घटनांमध्ये जातो. त्यातही सर्वांत मोठ्या पुरांचा एकूण काळ वर्षाच्या ४.८ टक्के भरला, आणि तेवढ्यात ५७ टक्के कार्बन निघून गेला होता.

त्या अभ्यासातले ओहोळ बारमाही वाहणारे आहेत. तिथे पाने शरद ऋतूत गळतात आणि लगेच पावसात किंवा बर्फात भिजतात. सातपुड्याचे वेळापत्रक निराळे आहे, आणि या विषयाची खरी गोडी मला तिथेच वाटते. इथले जंगल शुष्क पानझडीचे. साग, सालई, धावडा, मोह, अंजन, तेंदू ही झाडे हिवाळा सरता सरता आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाने टाकतात. हस्ताच्या सरी संपल्या की जूनपर्यंत पाऊस जवळपास नसतोच. म्हणजे पडलेला पाला तीन-चार महिने कोरडाच, न धुतलेला राहतो. वाळवी त्यातले काही नेते, बाकीच्यावर ऊन पडत राहते. हे ऊन वाया जात नाही. अर्जेंटिनातल्या पॅटागोनियाच्या कोरड्या मुलखात एमी ऑस्टिन आणि लुसिया व्हिव्हांको यांनी २००६ साली दाखवले की अशा प्रदेशात पाला मोडण्याच्या कामात सूर्यप्रकाशाचा वाटा फार मोठा असतो. उन्हाने चिवट रेणू तुटतात आणि पुढे पाण्याला, जिवाणूंना सोपे होतात. एप्रिल-मे महिन्यांत तोरणमाळच्या उतारावर पायाखाली करकरणारा पाला हा असा तयार होऊन थांबलेला साठा असतो.

याच दिवसांत मोहाची फुले पडतात. फुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला झाडून जाळतात. कधी ती आग उतारावर पसरते. मोह हा इथल्या घराघराचा आधार आहे आणि वेचणाऱ्याला दोष देऊन काही साधणार नाही. पण या आगीचा ओहोळाशी संबंध आहे. राखेतले क्षार पहिल्या पावसात वाहून जातात, आणि कोळशाचा काही अंशही हळूहळू पाण्यात विरघळतो. कोळसा विरघळत नाही अशीच पूर्वी समजूत होती. रुडॉल्फ याफे आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली जगभरातल्या नद्यांचे नमुने तपासून मांडले की नद्या समुद्राला देतात त्या विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनपैकी सुमारे दहावा हिस्सा जळालेल्या वनस्पतींचा असतो. त्यांच्या अंदाजाने तो वर्षाला २ कोटी ६५ लाख टन भरतो. मार्चमध्ये लागलेली आग अशी कित्येक वर्षे पाण्यात उतरत राहते.

मग वळीव येतो. दुपारभर तापलेल्या हवेत ढग चढतात, वारा सुटतो, तासाभरात पाऊस कोसळून निघून जातो. वाळून कडक झालेला पाला आणि उन्हाने भाजलेली माती सुरुवातीला पाणी शोषतच नाही. पाणी वरून घरंगळते. ओहोळाच्या पात्रात जो पहिला लोंढा उतरतो त्यात राख, शेणखळ, पाला आणि दाट तपकिरी पाणी असते. या पाण्यातले प्रमाण वर्षातले सर्वांत जास्त असण्याची शक्यता असते. पण लोंढा लहान असतो, आणि कोरड्या वाळूत थोड्या अंतरावर जिरून जातो. तापीपर्यंत किंवा नर्मदेपर्यंत तो पोचतोच असे नाही. वाळूत खोदलेल्या झिऱ्यातून पाणी भरणाऱ्या बायकांना या दिवसांत पाण्याचा वास आणि रंग बदललेला जाणवतो, तो यामुळे.

मातीच्या आतही त्याच वेळी एक मोठी घटना घडते. एच. एफ. बर्च या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात पूर्व आफ्रिकेत पाहिले की कोरडी पडलेली माती पुन्हा भिजली की तिच्यातल्या जिवाणूंचा श्वासोच्छ्वास एकदम उसळतो आणि नायट्रोजन मोकळा होतो. हा ‘बर्च परिणाम’ म्हणून ओळखला जातो. कोरडेपणात मेलेल्या जिवाणूंच्या पेशी फुटतात, मातीचे खडे फुटतात, त्यांत अडकलेले द्रव्य सुटते. मृगाच्या पहिल्या सरींनंतर शेतकऱ्याला पेरणीची घाई असते, कारण या सुटलेल्या नायट्रोजनचा फायदा त्याला ठाऊक असतो. जंगलात पेरणी नसते; तिथे या सुटलेल्या द्रव्याचा काही भाग नव्या मुळ्या घेतात आणि काही ओहोळाकडे जातो.

वळवाहून झड मला अधिक महत्त्वाची वाटते. आर्द्रा-पुनर्वसूच्या सुमाराला एकदा झड लागली की दोन-चार दिवस सूर्य दिसत नाही. पाऊस फार जोराचा नसतो, पण थांबत नाही. आयुर्वेदात औषधी रात्रभर गार पाण्यात भिजत ठेवून सकाळी गाळून घेतात, त्या कल्पाला हिम म्हणतात. झडीतले जंगल असाच हिम तयार करत असते. पाला पूर्ण भिजतो, माती भरते, उतारावरची सुटी सुटी ओली ठिकाणे एकमेकांना जोडली जातात. आता प्रत्येक सर ओहोळात काही ना काही आणते. या काळात प्रमाण वळवाच्या पहिल्या लोंढ्याइतके चढत नसेल, पण पाणी अनेकपट असल्याने एकूण ऐवज कितीतरी जास्त जातो. प्रमाण आणि एकूण वजन या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे या विषयात फार गरजेचे आहे. प्रमाणाच्या आकड्यावरून वळीव मोठा वाटतो, वजनाच्या आकड्यावरून झड.

ऑगस्टमधले मोठे पूर बहुतेक वेळा दूरवरून येतात. बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे क्षेत्र ओडिशा, छत्तीसगड, मध्य प्रदेश ओलांडत पश्चिमेकडे सरकते आणि त्याच्या दक्षिण अंगाला सातपुड्यावर धो धो पाऊस पडतो. ऑगस्ट २००६ मध्ये तापीला आलेला आणि सुरत बुडवणारा पूर तापीच्या खोऱ्यातल्या अशाच अतिवृष्टीचा होता. पुणे विद्यापीठातले भूरूपशास्त्रज्ञ विश्वास काळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नर्मदा आणि तापीच्या मोठ्या पुरांचा बारकाईने अभ्यास केला आहे. या नद्यांचे खडकाळ पात्र घडवण्याचे काम क्वचित येणारे महापूरच करतात, रोजचा प्रवाह नव्हे, असे त्यातून दिसते. विरघळलेल्या कार्बनचा व्यवहारही याच धर्तीवर चालतो. फरक एवढाच की महापुराला दगड नेहमीच उपलब्ध असतो, पाल्याचा रस मात्र संपू शकतो. लागोपाठ तीन पूर आले तर तिसऱ्यात, तेवढ्याच पाण्याला, पहिल्याइतके द्रव्य मिळत नाही. एकाच पुरातसुद्धा पाणी चढताना आणि उतरताना प्रमाण सारखे नसते. चढत्या पाण्यात जास्त असेल तर साठा ओहोळाच्या जवळ होता. उतरत्या पाण्यात जास्त असेल तर तो दूरच्या उतारावरून सावकाश आला. प्रवाह आणि प्रमाण एका आलेखावर मांडले की त्यांचा फास तयार होतो, आणि तो कोणत्या दिशेने फिरतो यावरून उताराची रचना वाचता येते. या पुस्तकातला हा भाग थोडा अवघड आहे, पण तो टाळून पुढे जाऊ नये, अशी माझी वाचकाला विनंती आहे.

रेमंड, सेयर्स आणि विल्यम सोबझॅक यांनी २०१६ साली आणखी एक महत्त्वाची गोष्ट मांडली. पूर हे द्रव्य एकदम मोठ्या प्रमाणात सोडतो, आणि त्याच वेळी पाण्याचा वेग इतका असतो की लहान ओहोळांतल्या जिवाणूंना ते खायला सवड मिळत नाही. ते न वापरलेलेच खाली मोठ्या नदीकडे ढकलले जाते. मग ते जाते कुठे?

सातपुड्याच्या पाण्याला दोन दिशा आहेत. दक्षिणेकडचे उतार तापीकडे उतरतात. गोमाई शहादा तालुक्यातून येऊन प्रकाशाजवळ तापीला मिळते. तिथे आणि सारंगखेड्याला आता बॅरेज आहेत. तापीच्या दक्षिणेकडून नवापूरची रंगावलीही येते, आणि हे सगळे पाणी गुजरातेतल्या उकाई जलाशयात साठते. उत्तरेकडचे उतार नर्मदेकडे जातात. त्यांतली उदई नदी मला विशेष वाटते. तिच्या काठी बिलगावला २००३ साली गावकऱ्यांनी, नर्मदा बचाव आंदोलनाच्या आणि केरळहून आलेल्या तरुण अभियंत्यांच्या मदतीने, ओहोळाच्या पाण्यावर सुमारे १५ किलोवॉटचा छोटा वीजप्रकल्प उभारला. २००६ मध्ये तो नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या पाण्याखाली गेला. एका जंगली प्रवाहाची ताकद गावाने स्वतः ओळखून वापरली, याचे हे उदाहरण आपल्या पाठ्यपुस्तकांत असायला हवे होते.

सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे आली. २०१९ मध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटरपर्यंत भरला. त्यामुळे उदईसारख्या नद्यांचा शेवटचा टप्पा आता वाहत नाही, तिथे पाणी थांबते. पुराने न वापरता पुढे ढकललेले द्रव्य पूर्वी नर्मदेतून भरूचच्या खाडीपर्यंत गेले असते. आता ते जलाशयाच्या तोंडाशीच मुक्कामाला येते. उन्हाने त्याचा रंग उडतो, जिवाणू ते खातात, कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जिथे तळाला ऑक्सिजन संपतो तिथे मिथेनही तयार होऊ शकतो. बुडालेल्या जंगलाची खोडे आणि माती यांतूनही वर्षानुवर्षे द्रव्य सुटत राहते. जोनाथन कोल आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये जगाचा हिशेब मांडला तेव्हा जमिनीवरून गोड्या पाण्यात येणाऱ्या वर्षाकाठच्या १९० कोटी टन कार्बनपैकी ९० कोटी टनच समुद्रापर्यंत पोचतो, असे निघाले. उरलेला वाटेत हवेत जातो किंवा गाळात पुरला जातो. नदी हा नुसता वाहून नेणारा मार्ग आहे, ही समज त्या हिशेबाने मोडली. सरदार सरोवराचे पाणी पुढे कालव्याने सौराष्ट्र, कच्छ आणि राजस्थानात पिण्यासाठी जाते, म्हणून धडगावच्या उतारावर काय कुजले याच्याशी तिथल्या पाणीपुरवठ्याचाही संबंध आहे.

पिण्याच्या पाण्याचा प्रश्न मात्र घराजवळही आहे, आणि त्यावर एक पूर्ण प्रकरण दिले आहे. पावसाळ्यात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत किंवा टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो आणि अर्ध्या तासाने ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी घेतो. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन शिल्लक आहे, लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. पहिल्या पुरानंतर नेहमीइतकीच पावडर टाकूनही चाचणीत रंग येत नाही, असे होऊ शकते. पावडर जुनी असेल, हे कारण असतेच. पण पाण्यात उतरलेले सेंद्रिय द्रव्य क्लोरीन खाऊन टाकते, हेही कारण असते. अशा वेळी जंतूंसाठी काहीच उरत नाही, आणि पटकी, कावीळ, हगवण नेमकी याच आठवड्यांत पसरते. म्हणून पुरानंतर ओटी चाचणी पुन्हा पुन्हा घेतली पाहिजे आणि मात्रा त्याप्रमाणे वाढवली पाहिजे. याला दुसरी बाजूही आहे. रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यात काम करणाऱ्या योहान्स रूक यांनी १९७४ साली दाखवले की क्लोरीन आणि पाण्यातले नैसर्गिक सेंद्रिय द्रव्य यांच्या संयोगाने क्लोरोफॉर्मसारखी ट्रायहॅलोमीथेन नावाची संयुगे तयार होतात. ती वर्षानुवर्षे पोटात जाणे चांगले नाही. मात्र या भीतीने क्लोरीन टाकणे थांबवणे ही घोडचूक ठरेल, कारण जंतूंचा धोका आजचा आहे. उपाय आधीचा आहे: पुराचे पहिले पाणी टाकीत न घेणे, तुरटीने निवळून मगच क्लोरीन देणे. तुरटी मातीबरोबर ह्यूमिक द्रव्याचाही काही भाग खाली ओढते. गावपातळीवरच्या नेहमीच्या रासायनिक तपासणीत कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड, लोह पाहतात. सेंद्रिय कार्बनही पाहिला जावा, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते.

उतारांवर बदल होत आहेत. नेवाडाच्या, म्हणजे जंगल तोडून शेतीखाली आणलेल्या, जमिनींवर झाडे विरळ झाली तिथे पाल्याचा थर पातळ झाला आणि माती उघडी पडली. तिथून येणाऱ्या पुरात गाळ जास्त असतो, पाल्याचा रस हळूहळू कमी होत जातो, आणि जो येतो तो जुन्या मातीतला, जिवाणूंना कमी उपयोगाचा असतो. समतल चर आणि दगडी बांध यांनी पाणी अडवले की उलटी क्रिया सुरू होते. तेच पाणी वरच्या थरातून आडवे न धावता खोल उतरते, चिकणकण त्यातले द्रव्य धरून ठेवतात, आणि ओहोळाला ते उशिरा पण स्वच्छ मिळते. चर किती खणले आणि किती पाणी अडले याच्या नोंदी सगळीकडे असतात. ओहोळाच्या पाण्यात काय बदलले याची नोंद ठेवली, तर त्या कामाचे खरे मोल कळेल.

पाऊसही बदलतो आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. नर्मदा-तापीचे खोरे या पट्ट्याच्या पश्चिम अंगाला येते. ज्या द्रव्याची वाहतूक मुळातच मोजक्या घटनांवर अवलंबून आहे, त्याला या बदलाचा फटका सरासरी पावसाच्या कुठल्याही बदलापेक्षा जास्त बसेल. झडीचे दिवस कमी झाले आणि कोसळणाऱ्या पावसाचे वाढले, तर ओहोळातल्या जिवांना वर्षभर पुरणारा शिधा एका रात्रीत निघून जाईल आणि पुढचे महिने उपासाचे जातील.

पुढची प्रकरणे पाल्यापासून सुरू होऊन जलाशयापर्यंत जातात. शेवटचे प्रकरण मोजणीचे आहे. ते मी मुद्दाम शाळा-महाविद्यालयांतल्या शिक्षकांसाठी आणि वनरक्षकांसाठी लिहिले आहे. प्रयोगशाळेत २५४ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात पाणी किती प्रकाश शोषते यावरून, किंवा त्याच्या प्रतिदीप्तीवरून (फ्लुओरेसन्स), द्रव्याचा प्रकार ओळखता येतो. ती यंत्रे महाग आहेत. पण विद्युतवाहकता मोजणारा खिशातला मीटर, पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी, घड्याळ आणि गाळलेल्या पाण्याचा रंग पाहण्यासाठी पांढरा कागद एवढ्यावर पुराचा अर्धा अभ्यास होतो. वाहकता घसरते आणि रंग चढतो, ती वेळ टिपायची. पाठवायचा नमुना त्याच दिवशी गाळून काचेच्या गडद बाटलीत, बर्फात ठेवायचा. प्लास्टिकच्या बाटलीत आणि उन्हात तो बिघडतो. पुरात पाय घालायचा नाही. फरशी पुलाच्या काठावरून दोरी बांधलेल्या बादलीने पाणी काढायचे, आणि पाणी फरशीवरून वाहू लागले की तेही थांबवायचे. पातळीच्या खुणा मे महिन्याच्या अखेरीला, मृग लागण्याआधी, फरशीच्या खांबावर रंगाने सेंटिमीटरगणिक करून ठेवाव्यात; पूर आल्यावर ते काम करता येत नाही.